पडद्यामागचे बांधकाम : नेपथ्य, प्रॉपर्टी आणि दृश्यचमत्कार

चित्रपटातला राजवाडा, चाळीतली खोली, रणांगण किंवा अवकाशयान हे सारे कॅमेऱ्याच्या भिंगासाठी बांधलेले असते. भिंग एका वेळी एकाच जागेवरून पाहते. त्याला वास येत नाही, ते वस्तूला हात लावून खात्री करून घेत नाही आणि चौकटीबाहेरचे त्याला काहीच दिसत नाही. राहण्याचा वाडा चहूबाजूंनी पक्का आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकणारा हवा. चित्रपटातला वाडा जिथून दिसणार तेवढाच बांधतात आणि चित्रीकरण उरकेपर्यंत तो टिकला म्हणजे झाले. म्हणूनच नेपथ्य, प्रॉपर्टी आणि दृश्यचमत्कार ही तिन्ही कामे एकाच प्रश्नापासून सुरू होतात : कॅमेरा कुठे असेल आणि त्याला काय दिसेल?

आराखडा

कामाची सुरुवात पटकथेच्या चिरफाडीने होते. प्रॉडक्शन डिझायनर किंवा कलादिग्दर्शक प्रत्येक प्रसंगाची नोंद करतो : स्थळ कोणते, काळ कोणता, दिवस की रात्र, पात्रांच्या हातात काय असेल, काय मोडेल, काय पेटेल. त्यानंतर संदर्भ गोळा केले जातात. जुनी छायाचित्रे, चित्रे, वस्तुसंग्रहालये, त्या काळच्या इमारती आणि त्या परिसरातील कारागीर यांच्याकडून माहिती मिळवून रेखाचित्रे काढतात, मग मोजमापांचा नकाशा आणि पुठ्ठ्याची किंवा संगणकावरची प्रतिकृती तयार होते. दिग्दर्शक आणि कॅमेरामन या प्रतिकृतीवरच पात्रांच्या हालचाली आणि कॅमेऱ्याच्या जागा ठरवतात. रुंद कोनाचे भिंग वापरायचे असेल तर बाजूच्या भिंती आणि कधी छतही बांधावे लागते. लांब पल्ल्याच्या भिंगाला पात्रामागचा छोटासा तुकडा पुरतो. भिंगाच्या निवडीवर असा लाकडाचा आणि पैशाचा हिशेब अवलंबून असतो.

याच टप्प्यावर खरी जागा वापरायची, स्टुडिओत सेट उभारायचा की दोन्हींचा मेळ घालायचा हे ठरते. ‘लगान’ (२००१) या चित्रपटातले चंपानेर हे गाव कच्छमध्ये भुजजवळ उघड्या माळरानावर उभारले गेले. कलादिग्दर्शक नितीन चंद्रकांत देसाई यांनी तिथे मातीची घरे आणि देऊळ बांधले. खरी जमीन, खरे ऊन आणि बांधलेले गाव असा तो मेळ होता. याच देसाईंनी पुढे कर्जतजवळ स्वतःचा स्टुडिओ काढला. ‘जोधा अकबर’चे (२००८) भव्य सेट तिथेच उभे राहिले.

रंगवलेल्या पडद्यापासून उभ्या भिंतीपर्यंत

भारतीय चित्रपटाच्या नेपथ्याची मुळे नाटकाच्या रंगवलेल्या पडद्यांत आहेत. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव हे संगीत नाटकांचे पडदे रंगवत. केशवराव भोसल्यांच्या ‘ललितकलादर्श’ मंडळीसाठी बाबूरावांनी केलेले पडदे नावाजले गेले होते. सपाट कापडावर खांब, कमानी आणि लांबवर पसरलेली बाग दाखवण्याचे कसब त्यांच्या हाती होते. पण नाटकाचा प्रेक्षक आपली खुर्ची सोडत नाही, आणि कॅमेरा मात्र जागा बदलतो. तो जरा बाजूला सरकला की रंगवलेल्या खांबाचा सपाटपणा उघडा पडतो. बाबूरावांनी आपल्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत पडद्यांऐवजी लांबी, रुंदी आणि खोली असलेले नेपथ्य आणले. ‘सैरंध्री’ (१९२०) चित्रपटात भीमाने कीचकाचा वध केल्याचे दृश्य इतके खरे उतरले की त्याला सेन्सॉरची कात्री लागली. ‘सिंहगड’च्या (१९२३) चित्रीकरणात त्यांनी कृत्रिम प्रकाशाचा वापर केला आणि सूर्यावरचे अवलंबन कमी झाले.

याच कंपनीत तयार झालेले दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर यांनी सीताराम कुलकर्णी यांच्यासह १९२९ साली कोल्हापुरात ‘प्रभात’ या चित्रपटसंस्थेची स्थापना केली. १९३३ मध्ये प्रभात पुण्याला आली. फत्तेलाल हे मुळात चित्रकार. कलादिग्दर्शनाची बाजू त्यांच्याकडे होती. त्या काळातील नेपथ्यकाराला आणखी एक अडचण सांभाळावी लागे. सुरुवातीच्या कृष्णधवल फिल्मला लाल रंग जवळजवळ दिसतच नसे. लाल कापड पडद्यावर काळे पडे आणि फिका निळा पांढरा होई. त्यामुळे भिंतीचा रंग डोळ्याला कसा दिसतो याला फारसा अर्थ नव्हता. फिल्मवर तो करड्या रंगाच्या कोणत्या छटेत उतरेल, हे आधी ताडून रंग निवडावा लागे.

सेटची बांधणी

आजही सेटचा मूळ घटक म्हणजे लाकडी चौकटीवर ठोकलेले प्लायवूड. अशा सुट्या भिंतींना ‘फ्लॅट’ म्हणतात. त्या शेजारी शेजारी उभ्या करून मागून टेकू देतात आणि सांध्यांवर कापडाची किंवा कागदाची पट्टी चिकटवून वर पुट्टी व रंग चढवतात. काही भिंती मुद्दाम सुट्या ठेवतात. त्या हलवल्या की कॅमेरा मागे घेता येतो आणि दहा फुटांच्या खोलीचे चित्रीकरण पंधरा फुटांवरून करता येते. बहुतेक सेटना छत नसते. दिवे वरच्या लाकडी किंवा लोखंडी मचाणांवर बांधलेले असतात आणि प्रकाश तिथूनच येतो.

कोरीव खांब, कमानी, मूर्ती आणि नक्षीसाठी साचेकाम लागते. शिल्पकार आधी शाडूत किंवा थर्मोकोलमध्ये मूळ नमुना घडवतो, त्यावरून रबराचा किंवा फायबरचा साचा निघतो आणि त्या साच्यातून हवे तितके तुकडे ओततात. प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये ताग घातला की तुकडा पातळ असूनही तडकत नाही. ज्याच्यावर चढायचे किंवा जे वाहून न्यायचे असेल ते फायबरमध्ये करतात. नुसते लांबून दिसणारे थर्मोकोलमध्ये भागते.

यानंतरचे काम सेटला खरेपणा देते. नवाकोरा रंग कॅमेऱ्यासमोर लगेच खोटा वाटतो, म्हणून सेट ‘जुना’ करतात. पातळ केलेला काळपट रंग भिंतीवर ओतून पुसून घेतात, तेव्हा तो खाचांमध्ये राहतो आणि उंचवटे उजळ राहतात. चुलीवरच्या भिंतीला काजळी, पावसाळी गावातल्या घराच्या भिंतीच्या पायथ्याशी ओल, कडीभोवती हातांचा मळ, जिन्याच्या पायऱ्यांच्या मधोमध झीज, असे प्रत्येक डागाला कारण असावे लागते. वाटेल तिथे फासलेला मळ लगेच ओळखू येतो. या घरात कोण राहते, किती वर्षे राहते आणि त्यांचा हात कुठे कुठे लागतो, याचा विचार करणारा रंगारीच ही भिंत नीट रंगवू शकतो.

सेट कधीकधी प्रकाशाचा मोठा पेच होऊन बसतो. ‘मुघल-ए-आझम’ (१९६०) या चित्रपटातला शीशमहाल अंधेरीच्या मोहन स्टुडिओत उभारला गेला. एम. के. सय्यद यांच्या कलादिग्दर्शनाखाली बेल्जियमहून आणलेल्या काचा वापरून तो बांधायला सुमारे दोन वर्षे लागली. हजारो आरशांमध्ये प्रत्येक दिव्याचे प्रतिबिंब पडून चित्र भाजून निघे. छायालेखक आर. डी. माथुर यांनी दिव्यांचा थेट झोत टाळला आणि परावर्तित, मऊ प्रकाशाने तिथला प्रसंग रंगीत फिल्मवर टिपला. काही सेट स्वतःच चमत्कार असतात. स्टॅन्ली क्युब्रिक यांच्या ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ (१९६८) मध्ये सुमारे १२ मीटर व्यासाचे फिरते चाक बांधले होते. नट चाकाच्या तळाशीच चालत राही आणि चाक फिरे. सेटला जखडलेल्या कॅमेऱ्याला मात्र तो भिंतीवरून छतावर चालत गेल्यासारखा दिसे.

प्रॉपर्टी

नट ज्या वस्तू हाताळतात किंवा ज्या सेटवर मांडलेल्या असतात, त्यांना चित्रपट व्यवसायात ‘प्रॉपर्टी’ म्हणतात. त्यांतल्या काही भाड्याने मिळतात. जुने ग्रामोफोन, घड्याळे, कंदील, टंकलेखन यंत्रे यांसाठी मुंबईतला चोरबाजार प्रसिद्ध आहे. उरलेल्या मुद्दाम बनवाव्या लागतात.

एकाच वस्तूच्या बऱ्याचदा अनेक प्रती लागतात. तलवारीचेच पाहिले तर जवळून दिसणारी तलवार धातूची, नक्षीदार मुठीची आणि धार नसलेली असते. लढाईत फिरवण्याची ॲल्युमिनियमची, हलकी असते. घोड्यावरून पडताना किंवा गर्दीत धावताना हातात रबराची देतात. शरीरात घुसलेली दाखवायची असेल तर नुसती मूठ आणि अर्धे पाते अंगावरच्या पट्ट्याला जोडतात. या साऱ्या प्रती रंगाने, लांबीने आणि झिजेने सारख्या असल्या तरच संकलनात सांधा कळत नाही.

कागदी वस्तूंनाही तेवढीच मेहनत लागते. जुने पत्र चहाच्या पाण्यात बुडवून पिवळे करतात, घड्यांवर घासून झिजवतात. त्या काळची लिपीची वळणे, शाई, टपाल तिकीट आणि दौत जुळावी लागते. ऐतिहासिक पटात मोडी लिपीतला खलिता दाखवायचा तर मोडी येणाऱ्याकडूनच तो लिहून घेतला पाहिजे, कारण महाराष्ट्रात ती वाचणारे प्रेक्षक आजही आहेत. खाद्यपदार्थांची अडचण निराळी असते. दिव्यांच्या उष्णतेत आइस्क्रीम टिकत नाही, म्हणून जे खायचे नाही तिथे कुस्करलेल्या बटाट्याचे गोळे वापरतात. खायचे असेल तर प्रत्येक टेकसाठी ताजे ताट तयार ठेवावे लागते.

चित्रीकरण क्रमाने होत नाही. दारातून आत येणारे पात्र सोमवारी टिपले जाते आणि खोलीत बसलेले तेच पात्र पंधरा दिवसांनी. तेव्हा पेल्यात पाणी किती होते, मेणबत्ती किती जळली होती, घड्याळात किती वाजले होते याची नोंद आणि छायाचित्रे ठेवणे हा प्रॉपर्टी विभागाचा रोजचा धर्म आहे.

सेटवर घडवलेले चमत्कार

पाऊस, वारा, धुके, आग, फुटणारी काच आणि जखमा हे परिणाम कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्ष घडवतात. पावसासाठी टँकरचे पाणी पंपाने उंचावरच्या नळ्यांत सोडून तोट्यांमधून फवारतात. नैसर्गिक पावसाचे थेंब बारीक असतात आणि कॅमेऱ्याला नीट दिसत नाहीत. म्हणून चित्रपटातला पाऊस जाड थेंबांचा असतो आणि त्याच्यावर मागून प्रकाश टाकतात. समोरून प्रकाश पडला तर धो धो पाऊसही पडद्यावर नाहीसा होतो. ग्लायकॉलयुक्त द्रव तापवून तयार केलेला धूर हवेत तरंगत राहतो आणि खिडकीतून येणारे किरण दाखवतो. शुष्क बर्फ गरम पाण्यात टाकल्यावर निघणारे धुके हवेपेक्षा जड असते. ते जमिनीलगत पसरते, म्हणून स्वर्गाची किंवा स्वप्नाची दृश्ये त्याच्यावर चालत आली आहेत.

फुटणारी काच पूर्वी साखरेच्या पाकापासून ओतत. ती ओलावा शोषून चिकट होई आणि दिव्यांखाली वितळे. आता ठिसूळ राळेची काच वापरतात. मोडायच्या खुर्चीसाठी बाल्सासारखे हलके लाकूड घेतात आणि मोडण्याच्या जागी आधीच काप देऊन ठेवतात. रक्ताचा रंग माध्यमानुसार बदलतो. ‘सायको’ (१९६०) कृष्णधवल असल्याने आल्फ्रेड हिचकॉक यांनी त्यातल्या न्हाणीघराच्या दृश्यात चॉकलेटचे सिरप वापरले. रंगीत चित्रपटात दाट पाकात लाल आणि थोडा निळसर किंवा तपकिरी रंग मिसळून रक्त करतात.

यांत्रिक प्राणी हा या शाखेचा कळस म्हणावा लागेल. ‘ज्युरासिक पार्क’साठी (१९९३) स्टॅन विन्स्टन यांच्या कार्यशाळेने पूर्ण आकाराचा टायरॅनोसॉरस बनवला. आत पोलादी सांगाडा आणि हायड्रॉलिक यंत्रणा, वर फोम रबराची कातडी. पावसाच्या दृश्यात कातडी पाणी शोषून जड होई आणि प्राणी थरथरू लागे, तेव्हा टेकच्या मधल्या वेळात कारागीर त्याला टिपून कोरडा करत.

लहान प्रतिकृती

कोसळणारा पूल, बुडणारे जहाज किंवा पेटलेले शहर लहान आकारात बांधून टिपता येते. यात खरी अडचण काळाची असते. समजा, १६ मीटर उंच बुरुजावरून दगड पडतो. त्याला जमिनीवर पोहोचायला सुमारे १.८ सेकंद लागतात. बुरुजाची १/१६ आकाराची प्रतिकृती १ मीटर उंच असेल आणि तिच्यावरून पडणारा खडा ०.४५ सेकंदातच खाली येईल. गुरुत्वाकर्षण लहान होत नसल्याने खड्याची घाई प्रतिकृतीचे गुपित फोडते. उपाय असा की सेकंदाला २४ ऐवजी ९६ चौकटी टिपायच्या आणि नेहमीच्या वेगाने दाखवायच्या. पडण्याचा काळ चौपट होऊन १.८ सेकंद भरतो. चौपट हा आकडा १६ चे वर्गमूळ आहे, आणि हाच नियम कोणत्याही प्रमाणाला लागू पडतो. १/२५ च्या प्रतिकृतीला पाचपट वेग लागतो.

पाणी आणि ज्वाळा यांना मात्र हा नियम पुरत नाही. थेंबाचा आणि ज्वाळेचा आकार माणसाच्या सोयीने लहान होत नाही. छोट्या जहाजावर आदळलेल्या लाटेचे थेंब टोपलीएवढे दिसू लागतात. म्हणून समुद्राच्या दृश्यांसाठी प्रतिकृती शक्य तेवढी मोठी बांधतात. ‘स्टार वॉर्स’ने (१९७७) आणखी एक वाट काढली. अवकाशयानाची प्रतिकृती जागच्या जागी ठेवून संगणकाने चालवलेला कॅमेरा तिच्याभोवती फिरवला. तोच प्रवास तंतोतंत पुन्हा करता येत असल्याने यान, तारे आणि स्फोट वेगवेगळे टिपून एकत्र जोडणे शक्य झाले.

कॅमेऱ्यातली किमया

कॅमेऱ्याच्या करामती चित्रपटाइतक्याच जुन्या आहेत. फ्रान्सचे जादूगार जॉर्ज मेलिएस यांनी १८९६ मध्येच कॅमेरा थांबवून, पात्र बाजूला काढून, पुन्हा चालू करण्याची युक्ती पडद्यावर आणली. चित्रात बाई क्षणात नाहीशी होते. दादासाहेब फाळके यांची तयारीही याच वाटेने झाली होती. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले फाळके चित्रकला, छायाचित्रण, साचेकाम आणि जादूचे प्रयोग जाणत होते. ‘राजा हरिश्चंद्र’च्या (१९१३) आधी त्यांनी कुंडीत पेरलेल्या वाटाण्याच्या दाण्याची वाढ थोड्या थोड्या अंतराने टिपली आणि काही दिवसांची वाढ काही क्षणांत दाखवली. ‘लंकादहन’ (१९१७) मधला उडणारा हनुमान आणि ‘कालिया मर्दन’ (१९१९) मधला बाळकृष्ण पाहायला लोकांची झुंबड उडाली. बाळकृष्णाची भूमिका फाळक्यांची कन्या मंदाकिनी हिने केली होती.

त्या काळी दोन दृश्ये जोडण्याचे काम कॅमेऱ्यातच होई. भिंगापुढे काळा पुठ्ठा धरून चौकटीचा अर्धा भाग झाकायचा, उरलेल्या अर्ध्यात नट टिपायचा, फिल्म उलटी गुंडाळायची आणि झाकण बदलून दुसरा अर्धा भाग टिपायचा. कॅमेरा हाताने फिरवत असल्याने फेरे मोजावे लागत. मोजणीत चूक झाली की दोन्ही चित्रे बिघडत. काळ्या पार्श्वभूमीचाही फार उपयोग झाला, कारण काळा भाग फिल्मवर उमटत नाही आणि तिथे नंतर दुसरे चित्र घालता येते. ‘ख्वाब की दुनिया’ (१९३७) या चित्रपटात बाबूभाई मिस्त्री यांनी काळ्या पडद्यासमोर काळ्या दोऱ्याने वस्तू हलवून अदृश्य माणूस दाखवला, आणि ‘काला धागा’ हे टोपणनाव त्यांना चिकटले. प्रभातच्या ‘संत तुकाराम’ (१९३६) मधले सदेह वैकुंठगमनही याच पिढीच्या हातचे. १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला.

संगणकाचे काम

संगणकाने जोडकामाची साधने बदलली, तत्त्व मात्र जुनेच राहिले. नटाला हिरव्या पडद्यासमोर टिपतात आणि संगणक हिरवा रंग काढून तिथे दुसरे चित्र बसवतो. हिरवा निवडण्याची कारणे दोन. माणसाच्या त्वचेत हिरवा कमी असतो, आणि डिजिटल कॅमेऱ्याच्या संवेदकावर हिरवा टिपणारे बिंदू लाल किंवा निळ्याच्या दुप्पट असल्याने कडा स्वच्छ निघतात. पडदा सारखा उजळलेला हवा आणि नटापासून दूर हवा. नाही तर हिरवी झाक केसांवर आणि खांद्यांवर चढते. नटी हिरवी पैठणी नेसणार असेल तर निळा पडदा लावतात.

आजच्या भव्य चित्रपटांत सेट आणि संगणक काम वाटून घेतात. नट जिथे चालतो, टेकतो, ज्याला हात लावतो तेवढा भाग प्रत्यक्ष बांधतात. वरचे मजले, शिखरे आणि क्षितिजावरचे शहर संगणकावर जोडतात. ‘बाहुबली’चे (२०१५) माहिष्मती नगर असेच उभे राहिले. साबू सिरिल यांनी हैदराबादच्या रामोजी फिल्म सिटीत सेट बांधले आणि उरलेले राज्य संगणकावर पसरले. जोड न दिसण्यासाठी सूर्याची दिशा, सावलीचा मऊपणा, हवेतली धूळ आणि भिंगाचा दोषसुद्धा दोन्हीकडे सारखा हवा. म्हणून संगणकावर काम करणारी माणसे चित्रीकरणाच्या जागी येऊन मोजमापे घेतात आणि प्रकाशाची नोंद करण्यासाठी चकचकीत व करडे गोळे कॅमेऱ्यासमोर धरून टिपतात.

‘द मँडलोरियन’ (२०१९) या मालिकेने नटाभोवती एलईडीची प्रचंड गोलाकार भिंत उभारली आणि संगणकातले वाळवंट तिच्यावर दाखवले. कॅमेरा हलला की भिंतीवरचे चित्रही त्याच्या दृष्टिकोनानुसार बदलते. नायकाच्या चकचकीत चिलखतात हिरव्या पडद्याऐवजी त्या वाळवंटाचेच प्रतिबिंब पडते आणि प्रकाशही त्याच चित्रातून येतो. एका अर्थाने हा रंगवलेला पडदाच आहे, फक्त तो आता कॅमेऱ्याबरोबर हलायला शिकला आहे.

सुरक्षितता आणि मोडणी

सेट म्हणजे सुके लाकूड, कापड, रंग आणि थर्मोकोल. त्यांच्या शेजारी तापलेले दिवे आणि वीजवाहिन्या. १९८९ साली म्हैसूरच्या प्रीमियर स्टुडिओत ‘द स्वॉर्ड ऑफ टिपू सुलतान’ या मालिकेच्या सेटला लागलेल्या आगीत ६० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. २०२१ मध्ये अमेरिकेत ‘रस्ट’ या चित्रपटाच्या चित्रीकरणात प्रॉपर्टी म्हणून दिलेल्या पिस्तुलात खरी गोळी निघाली आणि छायालेखिकेचा जीव गेला. मोकळे बाहेर पडण्याचे मार्ग, अग्निरोधक लेप, पाण्याची सोय, प्रशिक्षित शस्त्रपाल आणि स्फोटाच्या वेळी ठरवून दिलेले अंतर या गोष्टी कलेइतक्याच महत्त्वाच्या आहेत. कोणतेही दृश्य एका माणसाच्या प्राणाएवढे मोलाचे नसते.

चित्रीकरण संपले की सेट मोडतात. प्लायवूड आणि लाकडी पट्ट्या पुढच्या सेटला जातात, साचे जपून ठेवतात, प्रॉपर्टी गोदामात परतते. प्लास्टर आणि थर्मोकोल मात्र कचऱ्यात जमा होतात, आणि या उद्योगापुढचा तो मोठा प्रश्न आहे. कामाचा पुरावा म्हणून नकाशे, रेखाचित्रे, प्रतिकृती आणि छायाचित्रे एवढेच मागे राहते. ते नीट जतन केले तरच पुढच्या पिढीतल्या सुताराला, रंगाऱ्याला आणि शिल्पकाराला आधीच्यांनी एखादा पेच कसा सोडवला हे कळू शकते. प्रभातची पुण्यातली वास्तू आज फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटचा भाग आहे, आणि कलादिग्दर्शन तिथे रीतसर शिकवले जाते. नव्या कारागिराला तिथे संगणक शिकावा लागतो, आणि त्याच्याइतकीच करवत, साचा आणि रंगाचा ब्रशही. कारण नटाच्या पायाखालची जमीन आजही कोणाला तरी हातानेच घालावी लागते.